पहिली आखाजी आणि फ्लॅटमधलं डेरगं

पत्र : माझे सासरे गेल्या डिसेंबरच्या मध्यात वारले. आमचं मूळ गाव जळगाव जिल्ह्यात, आम्ही पिंपरीला पाचव्या मजल्यावर राहतो. सासूबाई आता आमच्याकडे असतात. यंदा त्यांच्यामागची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासूबाई म्हणतात सासऱ्यांच्या नावाने पाण्याचं डेरगं भरायचं, आगारी म्हणजे अग्नीला घास टाकायचा, दोन्ही नणंदांना बोलवायचं. मी नाशिकची, आमच्याकडे पितरं फक्त भाद्रपदात. शेजारच्या काकू म्हणाल्या, अक्षय्य तृतीया शुभ दिवस, त्या दिवशी पितरांचं कशाला? घरात चूल नाही, बाल्कनीत कावळा फिरकत नाही. मिस्टर म्हणतात, हे सगळं सोडा, तेवढे पैसे कुठेतरी दान करू. ते ऐकून सासूबाई दोन दिवस गप्प आहेत. मला सगळं नीट करायचंय, पण कुठून सुरुवात करू? आणि पुढे पितृपक्षात त्यांची तिथी कोणती धरायची? तारीख माहीत आहे, तिथी कोणीच लिहून ठेवली नाही.
— एक सून, पिंपरी

ताई, सुरुवात सासूबाईंपासूनच करा. आज संध्याकाळी चहा झाला की वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, तुमच्या गावी डेरगं कसं भरतात, मला सांगा." खानदेशात ही रीत गावागणिक थोडी बदलते. कुठे एकच घागर, कुठे बाईची आणि पुरुषाची वेगळी, कुठे वर गोड सारणाच्या सांजोऱ्या, कुठे नुसता आंबा. खाली जे सांगतोय तो सर्वसाधारण प्रघात आहे. त्यात आणि सासूबाईंच्या सांगण्यात फरक पडला तर त्यांचंच खरं धरा.

शेजारच्या काकूंची शंका आधी मिटवू. वैशाख शुद्ध तृतीया ही धर्मशास्त्रात युगादि तिथी, म्हणजे युगाच्या आरंभाची तिथी मानली आहे, आणि युगादि तिथीला पितरांसाठी तर्पण, श्राद्ध करावं असं सांगितलं आहे. त्याच दिवशी पाण्याने भरलेला कुंभ पितरांच्या नावाने दान द्यायचा, त्याला उदककुंभदान म्हणतात, धर्मघट असंही नाव आहे. सोनंखरेदी हे या दिवसाचं एक अंग झालं, पाण्याची घागर हे दुसरं. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसात गेलेल्या माणसाला पहिलं काय द्यावं, तर गार पाणी. नाशिक-पुण्याकडे हे अंग मागे पडलं, खानदेशाने ते घट्ट धरून ठेवलं. सासूबाईंचा हट्ट म्हातारपणाचा नाही, ताई. रीतीला धरून आहे.

आता डेरगं. नेहमीच्या पितरांसाठी भरतात ती घागर. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी त्या माणसाच्या नावाने डेरगं भरतात. एक मातीची मोठी घागर, तिच्या तोंडावर मातीचंच लहान लोटं, त्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या, अशी साधारण मांडणी. खानदेशात खरबुजाला डांगर म्हणतात. पिंपरीच्या मंडईत "डांगर द्या" म्हणालात तर लाल भोपळा हातात पडेल, तेव्हा खरबूज असंच मागा.

घागर 5-6 लिटरची पुरे. घेताना उचलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगली. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, दुकानात दिसणार नाही, भरल्यावर रात्रीत जमिनीवर थारोळं होईल. आतून-बाहेरून रंग लावलेली, चकचकीत घेऊ नका. तिचं पाणी गारही होत नाही आणि पिण्यालाही बरं नाही. घागर आखाजीच्या दोन दिवस आधीच आणा. कोरी घागर पाणी पिते. पहिल्या रात्रीत पातळी दोन बोटं खाली गेली तर घाबरू नका, ती गळकी नाही. आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवा, सकाळी ते पाणी झाडांना घाला आणि ताजं भरा. पाण्यात वाळ्याची बोटभर जाडीची जुडी टाकतात. ती आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर माती सुटून पाणी गढूळ दिसतं.

फ्लॅटमध्ये चुकतं ते पुढे. मातीच्या घागरीचा तळ गोल, तुमची फरशी गुळगुळीत. भरलेली घागर सात-आठ किलो होते, वर लोटं आणि खरबूज. मुलं घरात पळताना कुणाचा धक्का लागला की सगळं आडवं. म्हणून पाटावर परात ठेवा, परातीत किलोभर गहू पसरा, मधे खळगा करून त्यात घागर नीट बसवा आणि हाताने हलवून बघा. डुलली तर अजून मूठभर गहू कडेने दाबा. पाटाखाली ओलं फडकं ठेवलं की पाट सरकत नाही. जागा भिंतीच्या कोपऱ्यातली निवडा, येण्याजाण्याच्या वाटेवरची नको. घागर पाझरणार, गहू ओले होणार. ते त्याच संध्याकाळी काढून वाळवा. दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहिले तर आंबूस वास येतो आणि मग ते टाकून द्यायची वेळ येते.

खरबूज लोट्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं, नाहीतर आत बसून अडकतं. साधारण किलोभराचं नीट बसतं. पूर्ण पिकलेलं घेऊ नका. वैशाखाच्या उकाड्यात सकाळी मांडलेलं पिकं फळ दुपारपर्यंत घमघमून बसतं, चिलटं धरतात. देठाकडे किंचित दबणारं घ्या.

घागर कोण भरणार, असा प्रश्न तुमच्याकडे येणार, कारण येणाऱ्या पाहुण्यांत कोणीतरी "आता त्यांनी पुढे यायचं नसतं" असं सासूबाईंकडे बघून म्हणेल. त्याआधीच ठरवून टाका. घागरीत पहिला तांब्या सासूबाईंच्या हातचा पडू दे. ज्यांच्यासाठी ही घागर भरायची, त्यांना चाळीस-पन्नास वर्षं रोज पाणी याच हातांनी दिलं, आणि आज तेच हात बाजूला बसवायचे, हे कुठल्या रीतीत बसतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. गावाला जमलं ते तुमच्या दिवाणखान्यात जमायला हरकत नाही. मात्र त्यांना स्वतःलाच नको वाटत असेल तर ओढून आणू नका. जवळ बसवा आणि नावं त्यांच्याकडून घ्या.

नावं हे या दिवसाचं खरं काम आहे. उंबरठ्याची पूजा करताना एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि ओल्या कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं, अशी रीत आहे. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. सासरे, आजेसासरे इथपर्यंत येते, पणजोबांचं नाव कोणीतरी सांगतं, आणि पणजीपाशी सगळे एकमेकांकडे बघतात. बाईचं नाव लग्नात बदललं, कागदावर कुठे आलं नाही, हाक मारायला "मोठी माय", "जिजी" एवढंच उरलं.

म्हणून आखाजीच्या आठ-दहा दिवस आधी यादी करा. आधी वडिलांच्या बाजूच्या तीन पिढ्या, मग त्यांच्या बायका. प्रत्येकीचं सासरचं नाव आणि माहेरचं नाव, माहेरचं गाव, दोन्ही लिहा. मग सासूबाईंच्या माहेरचे तीन. त्यानंतर चुलते, मामा, आत्या, लग्नाआधी गेलेले, लहानपणी गेलेली मुलं. सासूबाईंच्या पोटचं एखादं मूल गेलेलं असेल तर ते नाव चाळीस वर्षांत कोणी घेतलं नसेल. विचारताना घाई करू नका.

अडलं तर शोधायच्या जागा आहेत. गावी शेती असेल तर तलाठी कार्यालयात गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही. माणूस गेल्यावर जमीन वारसांच्या नावे चढताना विधवा आणि लेकींची नावंही त्यात येतात, पणजी सापडते ती बहुतेक वेळा तिथेच. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपापल्या यजमान घराण्यांच्या नामावळ्यांचे चोपडे पिढ्यान्‌पिढ्या राखतात. तुमच्या घरातलं कोणी अस्थी किंवा विधी करायला तिथे गेलं असेल तर आडनाव, मूळ गाव आणि जात सांगून विचारता येतं. शाळेच्या जुन्या दाखल्यावरही कधीकधी आजोबांचं नाव मिळतं.

एक सांभाळा. तुमच्या दाराला लाकडी उंबरठा नसेल, संगमरवराची पट्टी असेल. बाजारातलं रंगाचं कुंकू ओलं करून त्यावर लावलं की दगडात मुरतं, आठवडाभर घासूनही गुलाबी डाग जात नाही. दाराच्या रुंदीची साधी लाकडी पट्टी पट्टीवर ठेवा आणि बोटं तिच्यावर उमटवा. ती पट्टी जपून ठेवली तर दरवर्षी तीच वापरता येते.

आगारी म्हणजे अग्नीला दिलेला घास. गावी चुलीतले निखारे बाहेर ओढून त्यावर तूप सोडतात आणि घास टाकतात. तुमच्याकडे जुनी लोखंडी कढई घ्या, तळाला दोन बोटं कोरडी वाळू घाला. गोवरीचा पाव तुकडा किंवा चार कोळसे गॅसवर जाळी ठेवून पेटवा, चांगले लाल झाले की चिमट्याने कढईत ठेवा आणि कढई बाल्कनीत न्या. खोलीत, दारं लावून हे अजिबात करू नका. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि जीवावर बेततो. बाल्कनीच्या वर सुकत घातलेले कपडे आधी काढा. निखाऱ्यावर चमचाभर साजूक तूप सोडा, ज्योत धरली की ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा बोराएवढा घास टाका, नाव घ्या, मग भोवती पाणी फिरवून हात जोडा. मोठा घास टाकला की पुरण निखाऱ्यावर बसतं, आग गुदमरते आणि नुसता धूर होतो. धूर होण्याचं दुसरं कारण ओलसर गोवरी. शहरात विकत मिळणाऱ्या गोवऱ्या पिशवीत दमट राहतात, त्या चार दिवस उन्हात ठेवा. निखारे तिथेच पूर्ण विझू द्या, राख दुसऱ्या दिवशी कुंडीत घाला. गरम राख कचऱ्याच्या डब्यात टाकल्याने डबे पेटतात.

ताटात पुरणपोळी, आमरस, रशी, भात, भजी, कुरडई-पापड आणि सांजोरी. खापरावरचे मांडे गावी होतात. खापराची सवय नसेल तर त्या दिवशी शिकायला जाऊ नका, तव्यावरची पोळी करा. बारा माणसांना किलोभर चणाडाळ आणि पाऊण ते एक किलो गूळ घेतला की मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात. पुरण सैल होतं ते डाळ नीट न निथळल्यामुळे. शिजलेली डाळ चाळणीत निदान वीस मिनिटं राहू द्या. खाली जमणाऱ्या कटाचीच रशी करायची. गूळ घातल्यावर पुरण इतकं आटवा की मधे रोवलेलं उलथनं सरळ उभं राहील. रशीत कांदा-लसूण घालायचा असेल तर सासूबाईंना विचारा. बऱ्याच घरांत पितरांच्या ताटात चालत नाही, तेव्हा त्या वाटीपुरती रशी आधी वेगळी काढा. आमरस पाच-सहा किलो आंब्यांचा. आंबे तासभर पाण्यात ठेवा आणि रस जेवणाच्या आधी तासाभरातच काढा. सकाळी काढून ठेवला की काळपट पडतो. खानदेशात अनेक घरांत पितरांना दाखवल्याशिवाय त्या साली आंबा तोंडात घालत नाहीत. सासूबाईंनी यंदा आंब्याला हात लावला नसेल तर कारण हेच असणार. हे मुलांनाही आजच सांगा.

पितर म्हणून कोणीतरी एक जण जेवायला बसतो. बहुधा जावई, भाचा किंवा भावकीतला वडीलधारा. नणंदा येणारच आहेत तर त्यांच्यापैकी कोणाच्या यजमानांना किंवा मुलाला सांगा. त्यांना आठ दिवस आधी सांगणं बरं, ऐनवेळी सांगितलं तर माणूस अवघडतो. जेवणानंतर टॉवेल-टोपी आणि ऐपतीप्रमाणे दक्षिणा.

कावळ्याचं मनाला लावून घेऊ नका. कावळा रोजच्या जागेवर, रोजच्या वेळेला येतो. आखाजीच्या आधी आठ दिवस सोसायटीच्या गच्चीच्या कठड्यावर सकाळी ठरावीक वेळी पोळीचा तुकडा ठेवत जा, चौथ्या-पाचव्या दिवशी ओळख धरतो. त्या दिवशी केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर ठेवा, प्लॅस्टिकवर नको. तासभर वाट बघा. नाही शिवला तर घास गाईला, कुत्र्याला किंवा मुंग्यांना घाला आणि जेवायला बसा. "काही इच्छा राहिली असेल" असं कोणी म्हणालं तर तो विषय तिथेच थांबवा. सासूबाईंच्या मनात ते वर्षभर सलत राहील. पान लगेच उचलून आणा, म्हणजे सोसायटीत पुढच्या वर्षी कोणी हरकत घेणार नाही.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणंही सोडून देऊ नका, फक्त ते या घागरीला जोडा. वीस लिटरचा झाकणाचा माठ, तिवई आणि लांब दांड्याचं ओगराळं घ्या, वडिलांच्या नावाने सोसायटीच्या फाटकापाशी ठेवा. वॉचमन, कचरा नेणाऱ्या बायका, सामान पोचवणारी मुलं दिवसभर उन्हात असतात. हेच उदककुंभदान. पण माठ ठेवणं सोपं, चालवणं कठीण. पहिला आठवडा उत्साह असतो, मग तळाशी शेवाळ येतं आणि कोणी पीत नाही. रोज सकाळी ओतून, नारळाच्या काथ्याने आतून घासून, ताजं पाणी भरायचं काम मिस्टरांनी स्वतःकडे घ्यावं, पाऊस सुरू होईपर्यंत. साबण लावू नये, मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. घरातलं डेरगं मात्र भरलंच पाहिजे. दान हा त्याला पर्याय म्हणून सांगितलात म्हणून सासूबाई दुखावल्या. त्याच्या जोडीला म्हणून सांगा, त्या स्वतः माठ निवडायला येतील.

नणंदांचं थोडक्यात. आखाजी हा खानदेशात लेकींचा सण, माहेरपण, गौराईची गाणी, झाडाला झोके. वडील गेल्यावर माहेरी आलेली पहिली आखाजी त्यांना जड जाणार. त्या दाराशीच रडतील, रडू द्या. आदल्या रात्री मुक्कामाला बोलवा, सांजोऱ्या सगळ्यांनी मिळून करा. झोका बांधायचा का, हे सासूबाईंना विचारा. मुलांसाठी बांधला तर बिघडत नाही असंच बहुतेक जण सांगतात.

आता तिथी. गेल्या वर्षीचं पंचांग किंवा भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढा. मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी धरायची, त्या दिवशी छापलेली नव्हे. समजा चौकटीत "षष्ठी 14.20 पर्यंत" असं आहे आणि सासरे दुपारी चार वाजता गेले, तर तिथी सप्तमी. दवाखान्याच्या कागदावर वेळ असतेच. मोबाइलच्या अ‍ॅपवर बघणार असाल तर जपून. बरीच अ‍ॅप्स उत्तरेकडच्या पद्धतीने महिना पौर्णिमेला संपवतात, आपला अमावस्येला संपतो. आपली मार्गशीर्ष वद्य षष्ठी तिथे पौष कृष्ण षष्ठी दिसते. ती तशीच उचलून मराठी कॅलेंडरात पौष वद्य शोधलात तर वर्षश्राद्ध महिनाभर उशिरा पडेल. शुद्ध पक्षात हा गोंधळ होत नाही, वद्यात हमखास होतो.

पितृपक्षात महिना आणि पक्ष बघायचा नसतो, फक्त तिथी. षष्ठीला गेले तर भाद्रपद वद्य षष्ठी. ती तिथी ज्या दिवशी अपराह्णी असेल तो दिवस. दिवसाचे पाच भाग केले की चौथा भाग अपराह्ण, भाद्रपदात साधारण दुपारी दीड ते चार. सासरे गेले मार्गशीर्षात, म्हणजे यंदाचा भाद्रपद वर्ष पुरं व्हायच्या आत येतो. वर्षाच्या आत महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, करायचा नाही असा आपल्याकडे अनेक घरांत प्रघात आहे. काही घरांत पहिल्या वर्षी पितृपक्षातल्या भरणी नक्षत्राच्या दिवशी भरणी श्राद्ध करतात. तुमच्या घरचं भावकीतल्या मोठ्यांना किंवा गुरुजींना आत्ताच विचारून ठेवा. ज्यांची तिथी कोणालाच माहीत नाही, त्या यादीतल्या बाकीच्यांसाठी सर्वपित्री अमावस्या आहेच.

संध्याकाळी घागर उतरवली की तिचं पाणी घरातल्या सगळ्यांनी प्या, खरबूज कापून मुलांना द्या. घागर त्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला वापरता येते. नावांच्या यादीचा फोटो काढून त्याच रात्री दोन्ही नणंदांना पाठवा. पणजीचं नाव तोवर मिळालं नसेल तर ती ओळ रिकामी ठेवा, पुसू नका. आणि सासऱ्यांच्या नावापुढे तिथी लिहायला विसरू नका.